अंतर संपण्याची भाकिते आणि आपला शेजार

१९६८ साली जे. सी. आर. लिकलायडर आणि रॉबर्ट टेलर या दोन अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी मिळून एक लेख लिहिला. तेव्हा एकेक संगणक खोलीभर असे आणि ज्या अर्पानेटमधून पुढे इंटरनेट वाढले, त्याची पहिली जोडणी व्हायला अजून वर्षभराचा अवकाश होता. तरीही दोघांनी छातीठोकपणे लिहिले, की थोड्याच वर्षांत माणसे समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा यंत्रामार्फत अधिक चांगले बोलू शकतील. संगणकांनी जोडलेल्या माणसांचे समुदाय उभे राहतील आणि त्यांना बांधणारा धागा गावाचा नसेल, आवडीचा असेल. ज्यांच्याशी आपला रोजचा संबंध येतो ती माणसे शेजारी राहतात या योगायोगाने न मिळता आवड जुळते म्हणून मिळाली, की माणूस अधिक सुखी होईल. या एका लेखात खरे तर दोन भाकिते आहेत. पहिले अंतराबद्दलचे: दूर आणि जवळ हा फरक उरणार नाही. दुसरे निवडीबद्दलचे: आपली माणसे आपण निवडू. पुढची पन्नास वर्षे वाद झाला तो पहिल्यावर. दुसऱ्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. आज हिशेब मांडला तर पहिले चुकलेले दिसते आणि दुसरे खरे ठरलेले. मात्र ते खरे ठरले ते दूरदेशीच्या समविचारी मित्रांमध्ये कमी आणि आपल्याच गल्लीत जास्त. छत्रपती संभाजीनगर हे या हिशेबासाठी सोयीचे शहर आहे. ते महानगर नाही आणि खेडेही नाही. इथे मोगलकालीन पुरे आहेत, सिडकोचे सेक्टर आहेत, वाळूजचे कारखाने आहेत आणि मुले परदेशी गेलेली घरेही आहेत.

लिकलायडर आणि टेलर या वाटेवरचे पहिले प्रवासी नव्हते. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९०९ मध्ये एक कथा लिहिली. तिच्यात माणसे जमिनीखाली आपापल्या खोल्यांत एकेकटी राहतात, यंत्रातून एकमेकांशी बोलतात आणि प्रत्यक्ष भेटीची त्यांना शिसारी येते. फॉर्स्टरला हे भय वाटत होते. साठच्या दशकात तेच चित्र आशेचे झाले. नगररचनेचे अभ्यासक मेल्विन वेबर यांनी १९६३ मध्ये जवळ न राहताही समुदाय असू शकतो, असा विचार मांडला. १९६४ मध्ये आर्थर सी. क्लार्क यांनी बीबीसीवर सांगितले, की पुढच्या काळात माणसे कामासाठी प्रवास करणार नाहीत, फक्त संपर्क साधतील आणि शहराला पूर्वीसारखा अर्थ राहणार नाही. १९८० मध्ये आल्विन टॉफ्लर यांनी घरातूनच कार्यालय चालवणाऱ्या कुटुंबाचे स्वप्न रंगवले. १९९३ मध्ये हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांचे आभासी समुदायांवरचे पुस्तक गाजले आणि १९९७ मध्ये फ्रान्सेस केर्नक्रॉस यांनी तर पुस्तकाच्या नावातच अंतराचा मृत्यू जाहीर करून टाकला. विरुद्ध बाजूला क्लिफर्ड स्टोल होते. १९९५ मध्ये न्यूजवीकमध्ये त्यांनी हे सगळे थोतांड ठरवले; पण त्याच दमात नेटवरची खरेदी आणि नेटवरचे वर्तमानपत्र यांचीही टर उडवली. तेव्हा शंकेखोरांनाही या प्रकरणात शहाणपणाचा मान देता येत नाही.

ही सगळी मंडळी शब्दांवर पोट भरणारी होती: लेखक, प्राध्यापक, संशोधक, पत्रकार. त्यांचे काम तारेतून जाऊ शकत होते, म्हणून सगळ्यांचेच जाईल असे त्यांना वाटले. त्यामागे आणखी एक गृहीतक होते. दोन माणसांमधली जवळीक म्हणजे त्यांच्यात होणारी बोलण्याची देवघेव. देवघेव स्वस्त आणि वेगवान झाली, की जवळीक आपोआप अंतरातून सुटेल. शेजारी म्हणजे बोलायला सोयीचा माणूस, एवढीच त्यांची व्याख्या. पण शेजाऱ्याशी दिवसेंदिवस बोलणे होत नाही तरी किल्ली त्याच्याकडे असते. ही जवळीक बोलण्यातून येत नाही. एकाच नळाचे, एकाच रस्त्याचे आणि एकाच जिन्याचे असण्यातून येते. भाकितांमध्ये या गोष्टीला जागाच नव्हती.

पुरावा तर भाकिते होत होती तेव्हाच समोर होता. ऱ्हाइनगोल्ड यांनी ज्या समुदायावरून पुस्तकाची सुरुवात केली तो 'द वेल', १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसलिटो इथे सुरू झाला. त्याचे बहुतेक सभासद त्याच परिसरातले होते, कारण फोनवरून जोडायचे तर स्थानिक कॉल परवडत असे. ते एकमेकांच्या घरी जात, मेजवान्या करत, कोणी आजारी पडले तर धावून जात. आभासी समुदायाचे हे आद्य उदाहरण म्हणजे एका गावच्या माणसांना सापडलेला नवा कट्टा होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कीथ हॅम्प्टन आणि बॅरी वेलमन यांनी टोरांटोजवळच्या शंभरावर घरांच्या एका नव्या वसाहतीचा अभ्यास केला. तिला त्यांनी 'नेटव्हिल' म्हटले. काही घरांत वेगवान नेट आले होते, काहींत नव्हते. ज्यांच्याकडे नेट होते त्यांना नावाने ओळखीचे शेजारी सुमारे तिप्पट होते आणि बिल्डरच्या कामाविरुद्धची एकजूटही त्यांनीच नेटवरून बांधली. त्याच सुमारास रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमधल्या कुटुंबांचा मागोवा घेऊन १९९८ मध्ये उलटा निष्कर्ष काढला: नेटचा वापर जास्त तितका घरातला संवाद थोडा कमी आणि एकटेपणा थोडा जास्त. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पुढे त्याच कुटुंबांकडे पुन्हा जाऊन याच संशोधकांनी २००२ मध्ये सांगितले, की बहुतेक वाईट परिणाम विरून गेले आहेत. ही दुसरी बातमी मात्र फार थोड्यांनी वाचली.

टेलिफोनच्या वेळी हेच होऊन गेले होते. क्लॉड फिशर यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या टेलिफोनचा सामाजिक इतिहास लिहिला. सुरुवातीला कंपन्यांना बायकांच्या फोनवरच्या गप्पा म्हणजे यंत्राचा गैरवापर वाटत असे. मग लक्षात आले, की धंदा त्या गप्पांवरच चालतो. आणि त्या गप्पा होत्या जवळपासच्या नातलगांशी, मैत्रिणींशी. फोनने लोकांना दूर नेले नाही, ज्यांच्याशी भेट होत होती त्यांच्याशी अधिक बोलते केले. २०१८ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या फेसबुक मैत्रीची मोजदाद केली, तेव्हा सरासरी माणसाचे निम्म्याहून अधिक मित्र पन्नास मैलांच्या आतले निघाले. अख्ख्या जगातून मित्र निवडायची सोय असताना माणसाने निवडला तो तालुक्यातला.

मराठी माणसांकडे या प्रश्नाचा स्वतःचा पुरावा आहे आणि तो परक्या पुराव्याइतकाच भक्कम आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतून सुरू झालेले 'मायबोली' हे संकेतस्थळ म्हणजे लिकलायडर-टेलर यांच्या व्याख्येत अगदी चपखल बसणारा समुदाय. गाव वेगळे, देश वेगळा, घड्याळातली वेळ वेगळी. धागा फक्त भाषेचा आणि आवडीचा. भाकीत खरे असते तर एवढ्यावर भागायला हवे होते. भागले नाही. तिथल्या मंडळींनी 'गटग' म्हणजे गेट-टुगेदर भरवायला सुरुवात केली, पुण्या-मुंबईकडच्यांनी पावसाळ्यात 'वर्षाविहार' सुरू केला, त्यासाठी बस ठरवल्या, टी-शर्ट छापले. 'मिसळपाव' या दुसऱ्या मराठी संकेतस्थळाचेही कट्टे भरले. टोपणनावाने वर्षानुवर्षे भांडलेली माणसे एकदा तरी एकमेकांना पाहायला गाडीभाडे खर्चून गेली. अमेरिकेतल्या मराठी मंडळांचेही तसेच. १९८१ मध्ये स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ एक वर्षाआड अधिवेशन भरवते. त्याला येणारे कित्येक जण संगणकाच्या धंद्यातले किंवा त्याच्या आसपासचे. पडद्यावर अधिवेशन उरकणे त्यांच्याइतके कोणाला जमले असते? तरी करोनामुळे २०२१चे अधिवेशन पुढे ढकलले गेले आणि २०२२ मध्ये अटलांटिक सिटीत माणसे प्रत्यक्ष जमली.

आता शहराकडे वळू. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आधी महानगरांत खुले केले. तेव्हाच्या औरंगाबादसारख्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसारख्या, शहरांत ते पोहोचले ते घरात नव्हे, सायबर कॅफेत. त्याआधी दूरचा आवाज एसटीडी बूथवर मिळे आणि रात्री दर उतरले की तिथे रांग लागे. म्हणजे अंतर संपवणारी दोन्ही साधने इथे आली ती चौकातली जागा होऊन, खांद्याला खांदा लावून वापरायची गोष्ट होऊन. घराघरांत आणि खिशाखिशांत नेट गेले ते ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आल्यानंतर. पण त्याआधीची वीस वर्षे पाहा. क्लार्क आणि केर्नक्रॉस यांच्या म्हणण्याप्रमाणे शहरे विरळ व्हायला हवी होती. १९९१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे पावणेसहा लाख होती. २०११ मध्ये ती पावणेबारा लाखांवर गेली. अंतराचा मृत्यू जाहीर झालेल्या याच वीस वर्षांत मराठवाड्यातली माणसे दुपटीने एकमेकांच्या जवळ येऊन राहिली.

का आली, याचे उत्तर वाळूजमध्ये आहे. बजाज ऑटोचा तिथला कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्यांची दाटी झाली. आज देशभर आणि देशाबाहेरही पसरलेल्या एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या कंपन्यांची मुळे याच दाटीतली. नकाशे, ऑर्डरी आणि बिले कधीच संगणकावर गेली. व्हेंडर मात्र गेटपासून लांब गेला नाही. साचा बिघडला तर तासाभरात माणूस येऊन उभा राहिला पाहिजे, हे एक कारण. दुसरे कारण विश्वासाचे. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातल्या उद्योजक, डॉक्टर, व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या सुमारे ६५ कोटी रुपयांना एकरकमी सौद्यात घेतल्या, तेव्हा देशभर त्याची गोष्ट झाली. गोष्ट सांगितली गेली ती श्रीमंतीची. मला त्यातली लक्षणीय बाब वेगळी वाटते. इतक्या जणांनी एकमेकांच्या शब्दावर कोट्यवधींचा व्यवहार जुळवला. अशी हमी एकमेकांच्या लग्नाकार्यांत भेटणाऱ्या माणसांमध्येच तयार होते. जेस गॅस्पर आणि एडवर्ड ग्लेसर यांनी १९९८ मध्येच दाखवून दिले होते, की दूरसंपर्क आणि प्रत्यक्ष भेट हे प्रतिस्पर्धी असतीलच असे नाही; संपर्क वाढला की भेटण्याची कारणेही वाढतात. वाळूजच्या कारखानदाराला हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले हे याहून अनपेक्षित उदाहरण. शिकवणी मोबाइलवर आली, नोट्स टेलिग्रामवर आल्या, नामवंत शिक्षक यूट्यूबवर फुकट मिळू लागले. खेड्यातल्या मुलाला घर सोडायचे कारण उरायला नको होते. तरीही पुण्यातल्या पेठांत आणि या शहरातही अभ्यासिका भरलेल्या असतात. पैसे देऊन खुर्ची घ्यायची, कानात इअरफोन घालून पडद्यावरचा तास ऐकायचा आणि शेजारच्याशी दिवसभर एक शब्द बोलायचा नाही, ही अभ्यासिकेची रीत. मग खुर्चीचे पैसे कशाचे? शेजारचा उठत नाही म्हणून आपणही उठत नाही, त्याचे. बोलण्याची देवघेव शून्य आणि जवळीक पुरेपूर. भाकीतकारांची व्याख्या उलटी टांगलेली इथे दिसते.

यावर पहिला आक्षेप असा, की ही सगळी अर्धवट उदाहरणे आहेत; भाकिताची खरी परीक्षा झालीच नाही. ती २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत झाली, तीही सक्तीने. पैठणहून पंढरपूरला जाणारी एकनाथ महाराजांची पालखी त्या वर्षी पायी निघाली नाही. इतर मानाच्या पालख्यांप्रमाणे नाथांच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटी बसमधून गेल्या आणि वारकऱ्यांनी दर्शन मोबाइलवर, टीव्हीवर घेतले. २०२१ मध्येही तेच. सोय तांत्रिकदृष्ट्या उत्तम होती. रांग नाही, ऊन नाही, पायाला फोड नाहीत. पादुका तर पडद्यावर जास्तच जवळून दिसत. २०२२ मध्ये बंधन उठले तसे लोक पुन्हा पायी निघाले. ज्याला बदली म्हणून पुढे केले होते, ते दोन वर्षांची उसनवारी होती असे त्यांनी न बोलता सांगितले. आणि त्याच काळात, ८ मे २०२०च्या पहाटे, याच जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही माणसे मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे चालत निघाली होती. ज्यांचे काम पडद्यावर जाऊ शकत होते त्यांचे गेले. ज्यांचे जाऊ शकत नव्हते त्यांना मजुरी, छप्पर आणि आपली माणसे एकाच ठिकाणी हवी होती आणि ते ठिकाण शेकडो किलोमीटर लांब होते. लिकलायडर आणि टेलर यांनी लेखाच्या शेवटी, जोडलेले असणे हा हक्क असेल की काहींचा विशेषाधिकार, असा प्रश्न केला होता. भाकितापेक्षा तो प्रश्नच अधिक दूरदृष्टीचा निघाला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मराठवाड्यात तरी टाळता येत नाही. शेजाराचे एवढे कौतुक कशाला? गावच्या जवळिकीने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, ज्यांची सावलीही मोजली, त्यांना अंतर हवेच असणार. नेटवरची, स्वतः निवडलेली बिरादरी ही त्यांची सुटका नाही काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यांवर जो कोरडा ओढला, तो याच अनुभवातून. आक्षेप खरा आहे. आज आंबेडकरी विचारांची, स्त्रियांची, समलिंगी व्यक्तींची किती तरी मंडळे नेटमुळे उभी राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बाबासाहेबांनी स्वतः या शहरात काय केले ते पाहावे. १९५०मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यांतली मुले महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात आली, वसतिगृहांत राहिली, एका पंगतीत जेवली. जाचक जवळिकीवरचा उपाय म्हणून त्यांनी दुसरी जवळीक उभी केली. त्याच परिसरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक निघाले, साठच्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे लिकलायडर-टेलर यांचा लेख आला त्याच सुमारास. महाराष्ट्रभर विखुरलेल्या, एकमेकांना न पाहिलेल्या लेखक-वाचकांचा तो टपालाने जोडलेला समुदाय होता. या विखुरलेल्यांना टपाल पुरले नाही. अस्मितादर्शचे लेखक-वाचक मेळावे गावोगावी भरले. इथल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्यासाठी नामांतराचा लढा १९७८ ते १९९४ असा सोळा वर्षे चालला. आज शुभेच्छा फोनवर हजारांनी फिरतात, तरी दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटपुढे गर्दी होते ती होतेच.

तिसरा आक्षेप दूर गेलेल्यांच्या घरून येतो. सिडकोच्या किंवा उल्कानगरीच्या घरात आईवडील दोघेच, मुलगा पुण्याला, मुलगी टेक्सासला. रोजचा व्हिडिओ कॉल ही त्यांच्यासाठी जवळीकच आहे. नातवाचे पहिले पाऊल त्यांनी पडद्यावरच पाहिले. हे मान्य करायलाच हवे आणि पत्राची महिनाभर वाट पाहणाऱ्या पिढीपेक्षा ही पिढी सुदैवी आहे. पण इथे नेट जे करते ते राखण्याचे काम आहे. वीस वर्षे एका छताखाली राहून घडलेले नाते ते टिकवते. रात्री छातीत कळ आली तर मुलीचा फोन येतो, गाडी मात्र समोरच्या घरातून निघते आणि मुलीचा पहिला फोनही त्या समोरच्यांनाच जातो. त्यांचा नंबर तिच्याकडे असणे, हा नेटने जुन्या शेजाराला दिलेला सर्वात उपयोगी आधार असेल. दुर्मीळ आजाराच्या रुग्णांची किंवा एखाद्या अवघड छंदाची मंडळे मात्र वेगळी. तिथे जवळपास दुसरा माणूसच नसतो आणि कधीही न भेटता खरी माया जमते. लिकलायडर-टेलर यांचे पहिले भाकीत एवढ्या कोपऱ्यापुरते खरे झाले. कोपरा लहान आहे, पण ज्यांचा आहे त्यांच्यासाठी तो सगळे काही आहे.

येथपर्यंत गोष्ट दिलासा देणारी आहे: जवळीक वाचली, भाकीत हरले. इथेच थांबणारे अनेक लेखक आहेत आणि माझे त्यांच्याशी जमत नाही, ते दुसऱ्या भाकितामुळे. नेट शेजारात आले तेव्हा ते निवडीची सवय घेऊन आले. या शहरात मोगल सरदारांच्या छावण्यांभोवती पुरे वसले: जयसिंगपुरा, जसवंतपुरा, पदमपुरा, कर्णपुरा. कोणाचा कोणता पुरा हे जुनेच दुखणे. तरी गुलमंडी, शहागंज, सिटी चौक इथे सगळ्या पुऱ्यांना यावेच लागे. न निवडलेली माणसे समोर येत. व्हॉट्सॲपवर ती सक्ती नाही. सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या तुकडीचा ग्रुप, समाजाचा ग्रुप, भिशीचा ग्रुप: सगळे जवळचे आणि सगळे गाळून घेतलेले. शहराला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते. पूर्वी ते आले की गल्ली ओरडून उठे. आता ग्रुपवर मेसेज पडतो. काम चोख होते, टाकी भरते. पण भाड्याच्या खोलीतला बिहारी कामगार, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि ॲडमिनशी बिनसलेले कुटुंब ग्रुपमध्ये नसते. ओरडण्यातून त्यांना वगळता येत नव्हते.

गाळून घेतलेल्या जवळिकीचे भयंकर टोक १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला दिसले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा फोनांवरून फिरत होती आणि भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. अफवा दूरवरून आली असेल. तिच्यावर विश्वास बसला तो ओळखीच्या माणसाने पाठवली म्हणून, आणि जमाव जमला तो हाकेच्या अंतरावरचा. भटक्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा फेरा गावाला ठाऊक असे. ग्रुपला ठाऊक नव्हता.

कोणी म्हणेल, जात आणि मोहल्ला यांनी माणसे आधीच गाळलेली होती, नेटला दोष कशाला? दोष पूर्ण नेटचा नाहीच. पण फरक असा, की जुन्या गाळणीतून अडचण निसटून आत येत असे. त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१८मध्ये, छत्रपती संभाजीनगरजवळच्या नारेगावच्या परिसरातल्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे त्यांच्या उशाशी टाकला जाणारा शहराचा कचरा अडवला आणि गाड्या परत पाठवल्या. कचरा शहरभर साचला, तेव्हा कुठे उच्चभ्रू वसाहतींना नारेगाव नकाशावर सापडले. हे काम कुठल्याही ग्रुपने केले नसते; ते केले एका जागी राहणाऱ्या माणसांनी, रस्ता अडवून, ज्यांना कोणी मित्र म्हणून निवडले नव्हते.

हेच भाकीत आता एक पायरी पुढे सरकले आहे. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने मेटा हे नाव घेऊन आभासी जगात राहायला बोलावले. लोक फारसे गेले नाहीत. सध्या यंत्रच सोबती होईल, ऐकेल, समजून घेईल, असे सांगितले जाते. दूरच्या माणसाशी जोडून देण्याचा प्रश्नच त्यात मिटला. निवड मात्र परिपूर्ण झाली, कारण हा सोबती आपल्या मनाजोगता वळवता येतो. ज्यांना अंतराची काळजी आहे ते याहीवेळी विचारतील, की लोक घराबाहेर पडतील का. मागचा अनुभव पाहता पडतील. अभ्यासिका भरतील, वारी निघेल, वाळूजच्या गेटवर पाळी बदलेल. विचारायचे ते हे, की बाहेर पडल्यावर त्यांना न निवडलेले कोण भेटेल. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक नावाचे नवे औद्योगिक शहर उभे राहते आहे, त्यात कारखान्यांबरोबर घरांसाठीही जमीन राखलेली आहे. तिथे कामगाराच्या खोलीशेजारी इंजिनिअरचे घर येणार की नाही, दोघांची मुले एकाच मैदानावर खेळणार की नाही, हे प्लॉटचा आकार आणि चौरस मीटरचा दर ठरवतो आहे, आणि कुठलाही ग्रुप निघण्याच्या आधीच ठरवतो आहे.